लाल दोऱ्यानं शिवलेला डबा

"वकीलसाहेब, आपल्या हातातल्या डब्यात काय आहे हे आपल्यालाच ठाऊक नसलं, तरी आपल्याला ठाऊक होतं असंच धरायचं का?"

मैनानं विचारलं, आणि विचारून झाल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं, की आपण हे खरंच विचारलं! कोर्टाच्या पडवीत दुपारचं ऊन जांभ्याच्या खांबांवरून घसरत खाली आलं होतं. सरकारी वकील काळा कोट खांद्यावर टाकून पानाला चुना लावत होते, आणि पलीकडं बदामाच्या झाडाआड रझिया नि अजरा एकमेकींचे दंड धरून उभ्या होत्या. पैज रझियानं लावली होती. "वक्तृत्वात पहिली आलीस म्हणून नाक वर करून फिरतेस ना? मग जा, सरकारी वकिलाला एक प्रश्न विचारून दाखव. नाही विचारलास तर आठवडाभर माझं दप्तर उचलायचं." आणि प्रश्न दिला होता अजरानं, वहीच्या चतकोर कागदावर जांभळ्या पेन्सिलीनं लिहून. मैनाला दप्तराची भीती नव्हती. गेल्या महिन्यात बक्षिसाची ती ढाल हातात पडल्यापासून तिला कसलीच भीती उरली नव्हती. आपला आवाज ही एक भलतीच चांगली वस्तू आहे, आणि ती इतकी वर्षं आपल्याजवळच होती, काखेत कळसा नि गावाला वळसा, असं तिला झालं होतं. तेव्हा बाबांचा जेवणाचा डबा एका हातात, परकराचा घोळ दुसऱ्या हातात, अशी ती ताडताड पायऱ्या चढून गेली होती.

वकिलांनी चुन्याचं बोट खांबाला पुसलं. "तू गंगारामाची ना गो? भाषणात पहिली आलीस ती?"

"हो."

"प्रश्न कोणाचा हा?"

"माझा," मैना म्हणाली. अगदी पटकन म्हणाली.

"हं. कायदा काय म्हणतो, ज्याच्या हातात डबा, त्याच्या डोक्यात डब्यातलं सगळं. असं धरून चालायचं. नाहीतर चोर काय, साव काय, जो तो कानावर हात ठेवील की, मला काय ठाऊक! ठाऊक नव्हतं तर ते त्यानं दाखवावं."

"पण ठाऊक नव्हतं, हे दाखवायचं कसं? नसलेली गोष्ट दाखवणार कुठून?"

वकिलांचं पान तोंडाशीच थांबलं. मग ते हसले, पण निम्मंच. "बरं विचारलंस. अगो, डबा कोणी दिला, काय सांगून दिला, घेणारा काय बोलला, हे बघणारं कोणीतरी असतंच ना! एस्टीत काय माणूस एकटा बसतो? त्या बघणाऱ्यानं पुढं यावं नि सांगावं. नाही आलं, तर धरलेलं तेच खरं."

"आणि शिक्षा झाल्यावर आलं तर?"

"अपिलात जज्जसाहेबांच्या मनाला पटलं तर घेतात नवी साक्ष. पण नऊ महिन्यांनी कोण येतंय, पोरी? जा, बापाला डबा दे. आमटी निवेल."

एस्टी. प्रश्नात एस्टी कुठंच नव्हती. नऊ महिनेही नव्हते. मैना डबा घेऊन पडवीतून पुढं निघाली तेव्हा आपले पाय आपल्याबरोबर नीट येत नाहीत असं तिला वाटलं, जसं ओढ्यावरच्या माडाच्या साकवावरून जाताना वाटतं, की पाऊल आपण टाकतो पण ते कुठं टेकायचं हे साकव ठरवतो. मागून रझियाची दबकी शीळ आली. जिंकलीस! मैनानं मागं वळून हात हलवला आणि हसली सुद्धा. पण ते हसू तिच्या तोंडावरच राहिलं, आत आलंच नाही.

बाबांची खोली कोर्टाच्या मागल्या अंगाला होती. गंगाराम हे मुद्देमाल कारकून. म्हणजे खटल्यात जप्त झालेली प्रत्येक वस्तू निकाल लागेपर्यंत त्यांच्या ताब्यात. कोयते, चोरीच्या घागरी, एक सायकल, हातभट्टीच्या बाटल्या, एका नवरीचा फाटका शालू, सगळ्याला सुतळीनं बांधलेली चिठ्ठी आणि लाखेचा शिक्का. किल्ल्या त्यांच्या कनवटीला. रझिया नेहमी चिडवायची, "गावातली सगळी दारू नि अफू तुझ्या बाबांजवळ. कायद्यानं पहिले आत जायला हवेत ते!" आणि मैना हसायची. लहानपणी तिला ही खोली म्हणजे मोठ्या माणसांनी हरवलेल्या खेळण्यांची खोली वाटायची. आज तिनं डबा मेजावर ठेवला, बाबा हात धुवायला गेले, आणि तिची नजर न विचारताच दुसऱ्या फळीवर गेली. ते तिथंच होतं. मादरपाटाचं पांढरं फडकं, एका बाजूनं उसवलेलं, आणि उसवलेल्या कडेला अजून लोंबणारा लाल दोरा. फडक्याच्या आत पत्र्याचा डबा. नवी चिठ्ठी लावली होती, सोमवारची तारीख घालून. म्हणजे सोमवारी हा डबा वरच्या दालनात सुनावणीला जाणार. मैना त्या लाल दोऱ्याकडं बघत राहिली. तिला त्याचे टाके पाठ होते. लांब, आखूड, लांब, लांब, आखूड; एका कोपऱ्यात हात चुकलेला आणि तिथं दोनदा गाठ. मे महिन्यात दोन तास ती त्या टाक्यांकडंच तर बघत होती!

दुपारच्या तासाला बाई भूमिती शिकवत होत्या. 'समजा अ हा बिंदू आहे,' बाई म्हणाल्या, आणि फळ्यावर अ उमटला, आणि मैनाला वाटलं की काय सोपं असतं हे! समजा म्हटलं की झालं. समजा अजराच्या दादीला, त्या ताजबीला, ठाऊक होतं. फळ्यावरचा पांढरा ठिपका वाढत वाढत राजापूरच्या स्टँडवरच्या उन्हाएवढा झाला. त्या उन्हात गाडी उभी होती, मैना खिडकीशी बसली होती, मांडीवर मामानं दिलेला अर्धा फणस गोणपाटात गुंडाळलेला, आणि आई खाली नळावर तांब्या भरायला गेलेली. तेव्हाची मैना वेगळीच होती. अनोळखी माणसानं हाक मारली की तिच्या कानाच्या पाळ्या तापायच्या, जीभ टाळ्याला चिकटायची. खिडकीत एक माणूस डोकावला. पांढरी टोपी, बोटात चांदीची अंगठी, घामाला अत्तराचा वास. "रत्नागिरीला ना गो बाय? एवढा डबा नेशील? भाजलेले काजू हाएत. भाचीचं लगीन हाय. स्टँडवर खांद्यावर हिरवा पंचा घेतलेला माणूस येईल, त्याच्याकडं दे." आता यात नवल काहीच नव्हतं. त्या बाजूला वस्तू धाडायची रीतच ती. पोस्टात कोण जातंय? गाडीत डोकवायचं, जाणारं माणूस हेरायचं, त्याच्या मांडीवर पुरचुंडी ठेवायची. आत काय आहे ते घेणाऱ्यानं विचारायचं नाही. विचारलं म्हणजे संशय घेतला, नि संशय घेतला म्हणजे दोन्ही घरांचं नाक कापलं. आणि वाटेत कोणी विचारलंच, तर दुसऱ्याचं आहे असं मुळीच म्हणायचं नाही. दुसऱ्याचं म्हटलं की चार हात लागतात, कोणी दाबून बघतो, कोणी त्याच्यावर बूड टेकतो. वाटेत आहे तोवर माझं, पोचलं की त्याचं. मैना सात वर्षांची असताना तिनं स्वतः एक लोणच्याची बरणी लांज्यापासून रत्नागिरीपर्यंत पोटाशी धरून आणली होती, आणि शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं तेव्हा आईनं शिकवल्याप्रमाणं "माझी आहे!" असं ठणकावलं होतं. सगळ्यांनी तिचं कौतुक केलं होतं.

पण त्या दिवशी ती लाजली. मांडीवर फणस होता, त्या माणसाचे डोळे पिवळे होते, आणि तिला नको होतं, बस्स. नको म्हणायलाही तोंड उघडेना. तिनं नुसतं बोट केलं. पलीकडच्या बाकावर ओढणी डोक्यावरून घेतलेली एक म्हातारी बसली होती, तिच्याकडं. "त्यांना द्या." एवढंच. माणूस तिकडं वळला, तेच सगळं पुन्हा बोलला, काजू, भाची, हिरवा पंचा. म्हातारीनं दोन्ही हात पुढं केले, जसं कोणाचं मूल घ्यावं तसं. "दे बाबा. लगीनघरचं हाय, सांभाळून नेईन." भूमितीच्या वहीत मैनानं अ पासून ब पर्यंत रेघ ओढली. रेघ तिच्या बोटातून निघाली होती. ती नऊ महिने निघतच होती, राजापूरपासून थेट इथपर्यंत, या बाकापर्यंत, जिथं तिच्या डाव्या हाताला अजरा बसली होती आणि मान खाली घालून कोन मोजत होती.

मग आई आली, म्हातारी उठून त्यांच्याच बाकावर येऊन बसली, आई खिडकीशी, मैना मधे. गाडी सुटली, आणि वळणं सुरू झाली तशी मैनाच्या पोटात ढवळायला लागलं. दोनदा आईच्या अंगावरून खिडकीतून डोकं बाहेर काढून झालं. आईचा जीव कासावीस. म्हातारी म्हणाली, "हिकडं दे गो तिला, माझ्या मांडीवर." आणि मैनाचं डोकं त्या मांडीवर गेलं, सुपारीचा नि उन्हात वाळलेल्या मासळीचा वास येणाऱ्या, मऊ. नाकासमोर, खाली पायाशी, तो पांढऱ्या फडक्यातला डबा, लाल दोऱ्याचा. लांब, आखूड, लांब, लांब. "काजू चावलास तर पोट बसेल बघ," म्हातारी म्हणाली होती, "पण दुसऱ्याची अमानत. हात कसा लावू? थांब, सुपारी देते." ते ऐकणारी मैना एकटीच होती. आई पलीकडं खिडकीला डोकं टेकून पेंगत होती. कंडक्टर तिकिटं बघत आला, त्यानं पायानं डबा ढोसला. "ह्यो डबा कोणाचा?"

"माझाच रे बाबा," ती म्हातारी, ताजबी, म्हणाली. अगदी पटकन म्हणाली.

वर्गात मैनाच्या हातातली पेन्सिल मोडली. तोंडून निघालेला तो दुपारचा शब्द तिला आत्ता ऐकू आला. प्रश्न कोणाचा? माझा. प्रश्न होता अजराचा, अजराच्या घरात नऊ महिने गुंडाळून ठेवलेला, आणि मैनानं तो सरकारी वकिलाच्या पायरीपर्यंत नेला होता, आत काय आहे ते न बघता. तिनं हळूच अजराकडं पाहिलं. अजरा याच जूनमध्ये त्यांच्या वर्गात आली होती. पहिल्याच आठवड्यात तिनं बसल्या बाकावरच सांगितलं होतं की, "माझ्या दादीला पोलिसांनी पकडलंय. पण तिनं काही केलं नाही." सांगून झाल्यावर ती हसली होती, म्हणजे कोणी दुसरं हसायच्या आत आपणच हसून घ्यावं तशी. दादीचं नाव ताजबी. त्या दिवशी मैनाला ताप भरला होता.

मे महिन्यातल्या त्या दिवशी हातखंब्याच्या नाक्यावर गाडी अडवली, त्याला नेहमीचं कारण. गोव्याकडून येणारी दारू. शिपायांनी सगळ्यांच्या पिशव्या हुंगल्या. एकानं तो डबा हलवला, आणि वजन त्याच्या हाताला पटेना. चाकूनं लाल दोरा कापला. वर खरंच काजू होते, खरपूस भाजलेले, सगळ्या गाडीत त्यांचा वास पसरला आणि भूक लागलेली माणसं नकळत पुढं सरली. काजूच्या खाली तेलकट कागद, आणि कागदात काळी, चिकट ढेप. कोणीतरी म्हणालं, अफू. तो शब्द गाडीत एखाद्या पाकोळीसारखा फिरला. कंडक्टर म्हणाला, "हिचाच. मला म्हणाली माझा म्हणून."  ताजबी मात्र काजूंकडं बघत होती. लगीनघरचे काजू खाली सांडले, आता त्या माणसाला काय तोंड दाखवायचं, एवढंच तिच्या डोळ्यांत होतं. मैनानं आईच्या कानाला लागून सांगितलं, "आई, तो डबा एका टोपीवाल्यानं दिला, मी बघितलं." आईनं तिचा दंड असा पिळला की चार दिवस तिथं निळं होतं. "गप बस. आपल्याला काय ठाऊक?" ताजबीला खाली उतरवलं. गाडी सुटली. मैनाच्या पायाशी एक काजू घरंगळत आला होता. तिनं तो उचलला, आणि मुठीत धरून रत्नागिरीपर्यंत आणला. स्टँडवर हिरवा पंचा कुठंच नव्हता, आणि असता तरी मैनानं काय केलं असतं कोण जाणे. तो काजू अजून तिच्या कंपासपेटीत होता, कर्कटकाच्या खाली. आता तो दगडासारखा झाला होता. आपल्याला काय ठाऊक? आई म्हणाली होती, आणि ते इतकं साधं वाक्य होतं, की मैनानं ते घातलं आणि नऊ महिने अंगावर वागवलं, मापाचं असल्यासारखं.

शाळा सुटली. रझिया चिंचा काढायला माळावर निघाली. मैना म्हणाली, "मी अजराबरोबर जाते." अजरानं नुसती मान हलवली. दोघी राजिवड्याच्या उताराला लागल्या. आंब्यांना मोहोर होता, वारा आला की तो आंबूसगोड वास झोपेसारखा अंगावर यायचा, आणि खाली खाडीवर मचवे इतके स्तब्ध होते की ते पाण्यात आहेत का पाणी त्यांच्यात आहे हे कळू नये. मैनाला वाटलं, असंच चालत राहावं, उतार संपूच नये, सोमवार येऊच नये. श्रावणात एकदा ती अजराच्या घरी आली होती. ताजबी तेव्हा जामिनावर सुटून आलेली. अजरा पाण्याला गेली असताना मैनाला बघताच म्हातारी म्हणाली होती, "गाडीत ओकत हुती ती पोर तूच ना गो?" मैनाचा चेहरा काय झाला असेल देव जाणे! कारण म्हातारीनं पुढचा शब्द गिळला, आत जाऊन सांदणाची ताटली आणली नि म्हणाली, "खा. पोट बरं हाय ना आता?" त्यानंतर एक अक्षर नाही. अजरालाही नाही.

आज ताजबी ओसरीवर बसून एक गाठोडं बांधत होती. एक लुगडं, एक चादर, जपाची तसबीह, सुपारीची चंची.

"काय गो अजरा, तुरुंगात सुपारी चालते काय, इच्यारलंस का कोणाला?"

"दादी, असं बोलू नको. अजून अपील आहे."

"हाय ना. पण आपले काझी वकील काय म्हणाले ते तू ऐकलंस. सहा महिने कायम झाले तर तितूनच नेतात. घरी येऊन चादर घ्यायला सोडतात काय? म्हणून आपली तयारी." ती हसली, दात नसलेलं. "तुझा बाप जहाजावरनं येईल रमजानात. त्याला सांग, दादी माहेरी गेलीय."

अजरा पाणी आणायला आत गेली. रडायला गेली हे दोघींनाही कळलं. मैना ओसरीच्या कडेवर बसली. तिच्या गळ्यात ढाल जिंकलेला आवाज होता, सगळा अख्खा, आणि त्यातून एक चिरका धागा बाहेर आला. "तुम्ही कोर्टात का नाही सांगितलंत? की शेजारी एक मुलगी होती. की तिनं ऐकलं."

ताजबी गाठ मारत राहिली. "सांगितलं ना. एक बाय हुती नि तिची पोर हुती, म्हटलं. नाव ठाऊक नाय, म्हटलं. तवा खरंच ठाऊक नव्हतं."

"आणि मग? श्रावणानंतर?"

"मग कळलं," ताजबी म्हणाली. "गंगारामभाऊची पोर. कोर्टातल्या माणसाची. तुला उभी करायची नि त्या पान खाणाऱ्यानं भर कोर्टात नाय नाय ते इच्यारायचं? पोरीची जात. तुझ्या आयशीनं गाडीत तुला माझ्या मांडीवर दिली हुती का नाय? मग! मी काय तुला तशी कोणाच्याबी हातात देऊ?"

 म्हातारीनं मैनाला पण शिवून ठेवलं होतं. एका पांढऱ्या फडक्यात, नीट, कोणाचा हात लागू नये म्हणून. आणि इतके दिवस मैना त्या फडक्याच्या आत गुपचूप बसली होती, वर्गात पहिली येत, ढाली जिंकत.

"मीच बोट केलं होतं," ती म्हणाली. "तुमच्याकडं. तो डबा माझ्या मांडीवर यायचा होता."

ताजबीनं पहिल्यांदा हात थांबवला.  रागावली का? मैनाला वाटलं, रागवावं हिनं, निदान एक थोबाडीत द्यावी. "तुझ्या मांडीवर फणस हुता की गो," ताजबी म्हणाली. "तू कुठं ठेवणार हुतीस?"

घरी जाताना मैना मांडवीच्या बाजूनं गेली, म्हणजे उगाच लांबून. भरती होती. लाटा काळ्या वाळूवर येऊन सपाट होत आणि मागं जाताना वाळूवर नागमोडी काठ सोडत. लांब, आखूड, लांब, लांब. तिनं मनातल्या मनात साक्षीचा पिंजरा उभा केला आणि त्यात स्वतःला उभं केलं. वकील पान बाजूला सारून विचारत होते, मग नऊ महिने गप्प का बसलीस? तिनं उत्तर शोधलं. भाषणातली उत्तरं एकेक करून आली नि निघून गेली. आई म्हणाली म्हणून? लहान होते म्हणून? भिले म्हणून? प्रत्येक उत्तराच्या वर थोडे काजू होते, आणि खाली ती काळी ढेप. ती ढेप म्हणजे तिचं बोट. ते दाखवल्याशिवाय बाकीचं दाखवताच येत नव्हतं. आणि साहेबांनी म्हटलं, ही पोर खोटं बोलते, मैत्रिणीसाठी शिकवून आणलेली आहे, तर? आणि बाबा? बाबांना उद्या कोणी म्हणालं, मुद्देमाल तुझ्या ताब्यात नि साक्षीदार तुझ्या घरात, तर? मैना वाळूत बसली. कंपासपेटी उघडून तिनं तो काजू हातावर घेतला. समुद्रात टाकला तर एवढासाही आवाज होणार नाही. तिनं हात मागं नेला सुद्धा, खरंच नेला. मग कोण जाणे कुठून, सुपारीचा नि वाळल्या मासळीचा वास आला, होड्यांकडूनच आला असणार, आणि तिचा हात आपोआप खाली आला, मांडीवर.

दिवेलागणीला बाबा अंगणातल्या पायरीवर पाय धूत होते. आई, सोनूबाई, तुळशीशी दिवा ठेवून आत वळली होती. मैना दारातच उभी राहिली.

"एवढा वेळ कुठं होतीस गो?" आई म्हणाली. "पाय बघ, सगळी वाळू."

"राजिवड्यात. ताजबीकडं."

आईचा हात उंबऱ्यावर थांबला. बाबांनी वर पाहिलं. "कोण ताजबी? सोमवारच्या अपिलातली? तुझा काय संबंध?"

"बाबा, हा काजू त्या डब्यातला आहे," मैना म्हणाली, आणि पायरीवर त्यांच्या ओल्या पावलांच्या शेजारी तिनं तो ठेवला. "हातखंब्याला घरंगळला होता. मी नि आई होतो त्या गाडीत. डबा कोणी दिला ते मी बघितलंय. काय सांगून दिला ते ऐकलंय. ताजबी काजूला हात लावायला तयार नव्हती, दुसऱ्याची अमानत म्हणून, ते पण ऐकलंय. आणि तिच्याकडं बोट मी केलं होतं."

बाबा काजूकडं बघत राहिले, एखाद्या चिठ्ठी नसलेल्या वस्तूकडं बघावं तसे. मग त्यांनी आईकडं पाहिलं. "तू होतीस? नि मला एक शब्द नाही?"

"काय सांगायचं होतं?" आईचा आवाज एकदम चढला. "वयात आलेली पोर कोर्टात उभी करायची होती? उद्या बघायला येणारे विचारतील, हीच ना ती अफूच्या खटल्यातली? आणि तुमची नोकरी? मैने, ऐक माझं. ती बाई गरीब आहे, मला कळत नाही का? माझ्या पोरीचं डोकं तिनं मांडीवर घेतलं होतं. रोज दिवा लावताना मला ती दिसते. पण हे आपलं नाही गो. दुसऱ्याचं आहे. आपल्याला काय ठाऊक..."

तिला ते वाक्य पुरं करता आलं नाही. ते तिथंच राहिलं, दिव्याच्या उजेडात, लोंबणाऱ्या दोऱ्यासारखं. बाबांनी पंच्यानं पाय पुसले, एक पाय, मग दुसरा, फार सावकाश. "तो वकील तुला सोडणार नाही," ते म्हणाले. "मी रोज बघतो. मोठमोठ्या बाप्यांना घाम फुटतो त्याच्यापुढं. विचारील, आत्ताच कशी आठवण झाली? नि तुझी साक्ष घ्यायची का नाही, हे तरी कुठं तुझ्या हातात? साहेबांनी नको म्हटलं तर तशीच परत येशील, नि गावभर बोभाटा मात्र होईल."

"होऊ दे. त्यानं विचारलं तर सांगेन, आठवण आजची नाही, नऊ महिने माझ्याजवळच होती."

"मैने..." आई म्हणाली.

"आई, तूच शिकवलंस ना, लोणच्याच्या बरणीच्या वेळी?" मैनाचा आवाज कापत होता, पण तो तिचाच होता आणि पुढं पुढं जात होता. "उद्या सकाळी मी काझी वकिलांकडं जाणार आहे. सोमवारी शाळेत जाणार नाही, कोर्टात जाणार. तुमच्यापैकी कोणी आलात तर बरं, नाही आलात तर अजराबरोबर जाईन. आणि तिथं कोणी विचारलं, हे कोणाचं, तर मी माझं म्हणणार. वाटेत आहे तोवर माझंच आहे."